गाडी नऊ तास लेट सुटते आणि साडेचौदा तास लेट पोचते, ती कशी?

हा आपल्या पॉडकास्टच्या या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. ज्यांचा डेटा संपलाय, जे लेक्चरला मागच्या बाकावर बसलेत, किंवा ज्यांना माझा आवाज ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोलताना माझे जे 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युली' येतात ते बरेचसे काढलेत. सगळे निघालेले नाहीत.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून आला. तो म्हणतो, "दादा, धुक्यामुळे गाडी लेट होते एवढं कळतं. पण धुकं तर सकाळी दहा-अकराला उठतं ना? मग गाडी दिवसभर कडक उन्हात धावूनही आणखी लेट कशी होत जाते?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. याचं उत्तर मला एका प्रवासात टप्प्याटप्प्याने कळत गेलं, म्हणून तोच प्रवास धरून सांगतो. जानेवारी 2023. आमच्या कॉलेजचे बावीस विद्यार्थी आणि एक सर असे तेवीस जण बिहारमधल्या बक्सर जिल्ह्यात एका गावात दहा दिवसांच्या सेवा शिबिराला गेलो होतो. शाळेची रंगरंगोटी, मुलांचे वाचनवर्ग, दोन शोषखड्डे. आम्ही आपसात त्याला 'मिशन' म्हणायचो, थोडं गमतीनं, थोडं खरंच. जाताना सगळं छान झालं. येताना काय झालं ते आजच्या भागात.

परतीचा बेत असा होता. रात्री साडेदहाला बक्सरहून गाडी, दुसऱ्या दिवशी रात्री नऊला मनमाड. तिथून रात्री एकची गाडी पकडून तिसऱ्या दिवशी सकाळी सातला परभणी. मनमाडला मध्ये चार तास मोकळे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिच्याभोवती फिरतं. आमच्यातल्या एका मुलाचं पोलीस भरतीचं मैदान होतं, परभणीतच, चौथ्या दिवशी पहाटे पाचला हजर राहायचं. म्हणजे ठरल्याप्रमाणे घरी पोचला असता तर त्याच्या हातात बावीस तास होते. कागदावर भरपूर.

पहिला उशीर: गाडी अजून आलेलीच नाही

संध्याकाळी सहाला मेसेज आला की गाडी रीशेड्यूल झालीय, साडेदहाऐवजी पहाटे तीन. आता, 'लेट' आणि 'रीशेड्यूल' यात फरक आहे, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. गाडी वाटेत मागे पडली तर ती लेट. पण ती जिथून निघते त्या पहिल्या स्टेशनवरूनच उशिरा सोडायचं ठरलं तर ती रीशेड्यूल. आणि हे बहुतेक वेळा का होतं? कारण जो डब्यांचा संच घेऊन गाडी निघणार असते, तो संचच अजून आलेला नसतो. रेल्वेत त्या संचाला रेक म्हणतात. तोच रेक जातो आणि तोच उलटा फिरून येतो. येणारी गाडी आठ तास लेट आली, तर जाणाऱ्या गाडीला डबेच नाहीत. आल्यावर पुन्हा तो धुवायचा, पाणी भरायचं, ब्रेक तपासायचे. त्यात काही तास जातातच.

म्हणजे आम्ही बक्सरच्या फलाटावर ज्या उशिराची वाट बघत होतो, तो उशीर आदल्या रात्रीच्या धुक्यात दुसऱ्याच कोणत्या तरी प्रवाशांनी भोगलेला होता. आम्हाला तो वारशाने मिळाला.

पहाटे तीनचे पाच झाले, पाचचे साडेसात. अॅपवर दर वेळी नवी वेळ दिसते तेव्हा आपण चिडतो, 'खोटं बोलतायत' म्हणतो. खोटं नसतं ते. आत्ता गाडी कुठे आहे त्यावरून पुढचा अंदाज काढलेला असतो, आणि त्यात पुढे थोडी वेळ भरून निघेल असं धरलेलं असतं. धुक्यात वेळ भरून निघत नाही, उलट आणखी जाते. म्हणून धुक्याच्या पट्ट्यात असलेल्या गाडीची अॅपवरची वेळ ही 'याच्या आधी नक्की येणार नाही' अशी वाचायची. मी तेव्हापासून तशीच वाचतो.

थंडी काय होती म्हणून सांगू! आपल्याकडच्या थंडीत स्वेटर घातला की भागतं. तिथे गंगेच्या काठावर ओल हाडात शिरते. समोरच्या फलाटावरचा चहावाला आवाजावरून ओळखायचा, दिसत नव्हता. लिट्टी-चोखा खाल्ला, कुल्हडातला चहा किती प्यायलो त्याचा हिशोब नाही.

धुक्यात ड्रायव्हरला नेमकं काय दिसतं

गंगेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत धुकं एवढं दाट का, ते थोडक्यात. रात्र मोठी, आकाश निरभ्र, वारा जवळपास नाही. जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडून देते आणि तिच्या लगतची हवा थंड होते. त्यात मैलोन्‌मैल पाणी दिलेली गव्हाची शेतं, नद्या, आणि अधूनमधून पश्चिमेकडून येणारी ओलसर हवा. बाष्पाचे बारीक थेंब होऊन ते जमिनीलगतच राहतात. दृश्यमानता 50 मीटरच्या खाली गेली की हवामान खातं त्याला अतिदाट धुकं म्हणतं.

आता गणित करा. ताशी 110 किलोमीटर म्हणजे सेकंदाला तीस मीटर. 50 मीटर दिसत असेल तर सिग्नल दिसल्यापासून दोन सेकंदांच्या आत इंजिन त्याच्या पुढे. आणि अशा वेगातल्या वीस-बावीस डब्यांच्या गाडीला थांबायला किलोमीटरच्या घरात अंतर लागतं. म्हणजे लाल सिग्नल 'दिसला तर थांबू' हे चालतच नाही. सिग्नल कुठे येणार हे आधी कळलंच पाहिजे.

त्यासाठी जुना उपाय म्हणजे पटाके. हो, खरंच. सिग्नलच्या अलीकडे काही अंतरावर कर्मचारी रुळावर छोटे स्फोटक डबे बांधतो, चाक गेलं की धाडकन वाजतं आणि ड्रायव्हरला कळतं, सिग्नल आला. शिवाय रुळांवर चुन्याचे आडवे पट्टे मारतात. नवा उपाय म्हणजे जीपीएसवर चालणारं फॉग पास नावाचं यंत्र. ते इंजिनात ठेवतात आणि पुढचा सिग्नल, फाटक किती अंतरावर आहे ते दाखवतं, बोलूनही सांगतं. पण सिग्नल लाल आहे की हिरवा, हे ते सांगत नाही. ते ड्रायव्हरनेच डोळ्यांनी बघायचं. म्हणून हे यंत्र असलं तरी धुक्यातली वेगमर्यादा ताशी 75 किलोमीटर, आधी ती 60 होती. 'कवच' प्रणालीत सिग्नलचा रंगच इंजिनात दिसतो, पण ती सगळ्या मार्गांवर अजून पोचलेली नाही.

बक्सर ते प्रयागराजच्या पलीकडेपर्यंत आमची गाडी याच पट्ट्यात होती. जो पल्ला तीन तासांचा, तो पाचचा होतो. हा झाला दुसरा उशीर, आणि हा समजायला सोपा आहे. आपल्या श्रोत्याचा खरा प्रश्न याच्या पुढचा आहे.

जागा गेली की गेली

धुकं अकराला उठलं. ऊन पडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि गाडी एका लहानशा स्टेशनवर बाजूच्या रुळावर जाऊन थांबली, पन्नास मिनिटं.

वेळापत्रक म्हणजे काय असतं? आपल्याला ते स्टेशनांची आणि वेळांची यादी वाटते. रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये ते एक आलेख असतं. एका बाजूला अंतर, एका बाजूला वेळ, आणि प्रत्येक गाडी ही त्यावरची एक तिरकी रेघ. त्या रेघेला पाथ म्हणतात. त्या रुळावर त्या वेळेला ती जागा तुमची. दोन रेघांमध्ये थोडीच फट असते, आणि गर्दीच्या मार्गावर तर जवळपास नसतेच.

आमच्या गाडीची रेघ होती रात्रीची. आम्ही तिथे पोचलो दुपारी. दुपारच्या रेघा दुसऱ्या गाड्यांच्या. त्या वेळेवर धावतायत. कंट्रोलरसमोर प्रश्न येतो, वेळेवर असलेल्या गाडीला आधी सोडू की दहा तास लेट असलेल्या? तुम्ही त्याच्या खुर्चीत बसा आणि विचार करा. वेळेवरची गाडी थांबवली तर आता दोन गाड्या लेट. लेट गाडीला अर्धा तास आणखी थांबवलं तर एकच लेट, फक्त थोडी जास्त. त्यामुळे लेट गाडीला बहुतेक वेळा मागेच ठेवतात. राजधानी, वंदे भारत यांना तर पहिला मान असतोच.

डब्यात एक काका रागाने म्हणत होते, "गरिबांच्या गाडीला वाली नाही." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, पण कारण एवढं साधंही नव्हतं.

यावर आणखी एक थर. ड्रायव्हर आणि गार्ड यांच्या ड्यूटीचे तास ठरलेले असतात, आणि ते असायलाच हवेत, दमलेला माणूस धुक्यात गाडी चालवतोय हे कुणाला चालेल? पण गाडी रेंगाळली की त्यांचे तास मध्येच संपतात, आणि नवीन जोडी जिथे मिळेल तिथपर्यंत गाडी न्यावी लागते किंवा थांबवावी लागते. मोठ्या जंक्शनला पोचलात तर तुमचा फलाट दुसऱ्या गाडीने भरलेला. मग आउटरला उभं राहा. इटारसीच्या बाहेर आम्ही असेच उभे राहिलो, स्टेशनचे दिवे दिसतायत आणि गाडी हलत नाही.

हे सगळे उशीर एकमेकांवर चढत जातात. धुकं फक्त सुरुवात करून देतं. बक्सरला नऊ तासांचा असलेला उशीर जळगावच्या जवळ येईपर्यंत चौदाच्या वर गेला होता, आणि त्यातला निम्माअधिक वाढीव भाग स्वच्छ हवेतला होता. म्हणूनच दरवर्षी डिसेंबर ते फेब्रुवारीत रेल्वे काही गाड्या आधीच रद्द करून टाकते. आपल्याला ते अन्याय वाटतं, पण आलेखावर रेघा कमी झाल्या की उरलेल्यांना सावरायला फट मिळते.

जळगावचा निर्णय

रात्री एकची मनमाडची गाडी आम्ही मध्य प्रदेशात असतानाच निघून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी भुसावळ सोडलं तेव्हा हिशोब असा होता. मनमाडला पोचायला साडेअकरा. परभणीची पुढची जागा मिळण्यासारखी गाडी संध्याकाळी. ती वेळेवर धावली तर परभणी रात्री साडेअकराला. मैदान पहाटे पाचला.

कागदावर हेही जमतं, बघा. साडेपाच तास शिल्लक. तो मुलगा स्वतःच म्हणाला, "सर, होईल की. मी गाडीत झोपतो."

सर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळा, ही तिसरी गाडी. दोन गाड्यांनी आपल्याला सांगून झालंय." आणि मनमाड-परभणी मार्ग बराचसा एकेरी. समोरून गाडी आली की क्रॉसिंगसाठी कुणीतरी एकाने स्टेशनात थांबायचं. तिथे एक तास जाणं म्हणजे काहीच नाही. शिवाय 1600 मीटर धावायचं, 100 मीटर धावायचं, गोळा फेकायचा, पन्नास मार्कांचा सगळा खेळ एका सकाळी. जनरल डब्यात सहा तास उभं राहून आलेल्या पायांनी?

मग नकाशा उघडला. नकाशावर जळगाव, मनमाड आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, यांचा त्रिकोण होतो. रेल्वे त्या त्रिकोणाच्या दोन बाजूंनी जाते. जळगावहून पश्चिमेला मनमाड, सुमारे 160 किलोमीटर, आणि मग तिथून परत पूर्वेला औरंगाबाद, आणखी 110च्या वर. रस्ता मात्र तिसऱ्या बाजूने जातो. जळगाव, अजिंठा, सिल्लोड, औरंगाबाद, साधारण 160 किलोमीटर. आम्ही मनमाडला पोचेपर्यंत बसवाला माणूस सिल्लोडच्या पुढे गेलेला असणार.

जळगाव यायला वीस मिनिटं होती. सरांचा एकच नियम, एकट्याने कुणी जायचं नाही. परभणीचाच एक मित्र उठला, म्हणाला, "मी येतो, मलाबी घरीच जायचंय." सगळ्यांनी पैसे काढले. मी बाराशे रुपये आणि सगळ्यात जास्त चार्ज असलेली पॉवर बँक त्यांच्या हातात दिली. भरतीची कागदपत्रं त्याच्या घरी होती, ती बहिणीला फोन करून पिशवीत भरून ठेवायला सांगितली. पावणेनऊला दोघे जळगावला उतरले.

इथे एक गोष्ट सांगतो. तिकीट मनमाडपर्यंतचं असताना आधी उतरायला कुणी अडवत नाही, फक्त उरलेल्या अंतराचे पैसे तसे परत मिळत नाहीत. चालेल. वीस मिनिटांत तेवढा विचार पुरला.

अजिंठ्याच्या रस्त्याचं काम चालू होतं, बस धक्के खात दीडला औरंगाबादला पोचली. तिथून जालना, मंठा, जिंतूर करत संध्याकाळी साडेसातला परभणी. त्याच्या आईचा मला फोन आला, "पोचली रे लेकरं. जेवून झोपलाय बघ." आम्ही तेव्हा अजून परतूरच्याही अलीकडे कुठेतरी क्रॉसिंगला उभे होतो. आमची गाडी परभणीत शिरली रात्री एक वाजून दहा मिनिटांनी.

तो पहाटे पाचला मैदानावर उभा होता. मार्क किती पडले ते त्याचं तो सांगेल, त्याला एका भागात बोलवायचं चाललंय.

मनमाडचे तीन तास

आता पैशांकडे येऊ, कारण तुमच्यापैकी बहुतेकांचे मेसेज त्याबद्दल असतात.

एका पीएनआरवर जास्तीत जास्त सहा प्रवासी. तेवीस जणांचे चार पीएनआर, आणि दोन गाड्या, म्हणजे आठ. तिकिटं काढताना सरांनी हट्टाने दुसऱ्या गाडीची तिकिटं पहिल्या गाडीच्या पीएनआरशी जोडून घेतली होती. ऑनलाइन तिकीट काढताना 'कनेक्टिंग जर्नी' असा पर्याय असतो, तो हा. 2019 पासूनची सोय आहे. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावं तंतोतंत सारखी हवीत, आणि पहिली गाडी जिथे सोडते तिथूनच दुसरी पकडायची हवी.

याचा उपयोग काय? पहिली गाडी लेट झाल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे रद्द करण्याची कपात न होता परत मिळतात. जोडलेलं नसेल तर रेल्वेच्या लेखी तुम्ही दुसऱ्या गाडीला आलाच नाहीत. पैसे बुडाले. पण जोडलेलं असूनही एक अट आहे, पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत टीडीआर भरायचा. टीडीआर म्हणजे परताव्याचा अर्ज, अॅपमध्येच असतो. आम्ही साडेअकराला मनमाडला उतरलो, म्हणजे अडीचपर्यंत मुदत. लोक अशा वेळी आधी काय करतात? जेवायला जातात, अंघोळीची सोय बघतात, झोपतात. मुदत तिथेच संपते. मी फलाटावरच्या बाकावर बसून चारही अर्ज भरले आणि मगच उठलो. पैसे काही आठवड्यांनी आले.

जेवलो मनमाडच्या गुरुद्वाऱ्यात, लंगरमध्ये. दोन दिवस बिस्किटं आणि चिवड्यावर असलेल्या एकवीस जणांना गरम डाळ-पोळी वाढली, वर आणखी घ्या म्हणाले. नांदेडला जाणाऱ्या-येणाऱ्या शीख भाविकांमुळे मनमाडला ही सोय आहे, हे तिकडच्या बाजूच्या लोकांना माहीत असतंच.

दुसरा नियम, गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवासच न करायचं ठरवलं, तर पूर्ण पैसे परत. पण टीडीआर गाडी तिथून प्रत्यक्ष सुटण्याआधी भरायचा. सुटल्यावर नाही. बक्सरला आम्हाला हा हक्क होता. वापरून काय करणार होतो? साडेतेराशे किलोमीटर लांब, खिशात परताव्याचं आश्वासन, आणि तेवीस जणांना त्या आठवड्यात दुसरं कन्फर्म तिकीट मिळणं अशक्य. हा नियम घरून निघणाऱ्यासाठी चांगला आहे. घरी परतणाऱ्याला तो फारसा उपयोगी नाही, असं माझं मत.

तिसरं, आणि हे कृपा करून नीट वाचा. चुकलेल्या गाडीचं आरक्षित तिकीट पुढच्या गाडीत चालत नाही. "टीसीला सांगू, समजून घेईल" यावर जाऊ नका. त्या गाडीत तुम्ही विनातिकीट. आम्ही संध्याकाळच्या गाडीची जनरल तिकिटं नव्याने काढली.

आता 'नुकसानभरपाई मिळते का' हा प्रश्न. सुप्रीम कोर्टाचा सप्टेंबर 2021चा एक निकाल आहे. 2016 मध्ये अजमेर-जम्मू एक्स्प्रेस चार तास लेट पोचली, एका कुटुंबाचं जम्मूहून श्रीनगरचं विमान चुकलं, त्यांना टॅक्सी करावी लागली. ग्राहक मंचाने दिलेली भरपाई कोर्टाने कायम ठेवली. म्हणणं असं की उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने दाखवून द्यायला हवं. दाखवता आलं नाही तर जबाबदारी तिची. म्हणजे 'गाडी लेट झाली म्हणजे पैसे मिळणारच' असं नाही, आणि 'रेल्वेला कुणी विचारू शकत नाही' असंही नाही. पण धुकं हे कारण दाखवायला अवघड नाही, हे लक्षात ठेवा. अशी तक्रार करायची असेल तर तिकीट, लेट असल्याचे मेसेज, टॅक्सीची पावती, सगळं जपून ठेवायचं.

विमानाचं वेगळं आहे, त्यावर स्वतंत्र भाग करू. एवढंच सांगतो की आपल्या देशात अडीच तासांपर्यंतचं उड्डाण दोन तास किंवा जास्त लेट झालं तर विमानतळावर थांबलेल्यांना खाणं-पिणं द्यावं लागतं. मागायला लाजू नका.

तुमचे दोन प्रश्न

"ग्रुपमध्ये घरच्यांचे शंभर फोन येतात, त्याचं काय केलंत?" सरांनी बक्सरलाच ठरवून दिलं होतं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर तीन तासांनी एकच मेसेज, एकच मुलगी टाकणार. गाडी कुठे आहे, सगळे ठीक आहेत, पुढचा मेसेज किती वाजता. त्यात 'पोचायची वेळ' कधीच लिहायची नाही. वेळ लिहिली की ती टळते आणि फोन सुरू होतात. बाकीच्यांचे फोन फ्लाइट मोडवर, पाळीपाळीने चालू. दोन दिवस बॅटरी पुरली ती यामुळे. एका मुलीच्या आजीने तरी फोन केलाच, पण आजीला नियम लागू नसतात.

"आमचं तिकीट खिडकीवरचं आहे, विद्यार्थी सवलतीचं. टीडीआर कसा भरू?" विद्यार्थ्यांची सवलत खिडकीवरूनच मिळते, त्यामुळे बऱ्याच कॉलेज ग्रुपांची तिकिटं अशीच असतात. त्यासाठी अॅपवर बसू नका, कागदी तिकीट हातात घेऊन स्टेशनच्या खिडकीवर जायचं आणि ते जमा करायचं. वेळेच्या मुदती त्याच, गाडी तीन तासांवर लेट असेल आणि जायचं नसेल तर ती सुटण्याआधी, जोडलेली गाडी चुकली तर पहिली पोचल्यापासून तीन तासांत. रांग मोठी असते, म्हणून उतरल्या उतरल्या एकाला तिकडे पळवायचं आणि बाकीच्यांनी त्याचं सामान उचलायचं.